यंत्राची विचारपूस : खाडीवरचा लॅपटॉप

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची आहे, भांडुपला राहते. एका संस्थेसाठी ठाणे खाडीच्या काठाने कांदळवनाची मोजणी करते. दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर नि उंची घ्यायची आणि जीपीएस रिसीव्हर केबलने लॅपटॉपला जोडून जागेची नोंद करायची, असं काम. मागच्या वर्षी मिळालेला साधा लॅपटॉप ऑगस्टमध्ये बंद पडला. पडला नाही, बुडाला नाही, तरी गेला. दुरुस्तीवाले म्हणाले, 'बोर्ड सडलाय.' आता संस्थेपुढे दोन पर्याय आहेत. एक नवा, हलका लॅपटॉप. त्याच्या खोक्यावर 'लष्करी दर्जाच्या चाचण्या उत्तीर्ण' असं छापलंय. दुसरा पाच वर्षं वापरलेला रग्ड, म्हणजे धक्के-धूळ-पाणी सोसायला बनवलेला लॅपटॉप, आयपी ६५ या धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाचा, वजन तीन किलोंच्या वर. आमचे सर नवा घ्या म्हणतात. मी रोज भांडुपहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाते. रग्ड लॅपटॉप खरंच टिकतो का? काय घेऊ?

उत्तर : वय लिहिलंस म्हणून 'तू' म्हणते. तुझं 'पडला नाही, बुडाला नाही, तरी गेला' हे वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत काकांच्या गाळ्यावर मी मोजणीची उपकरणं दुरुस्त करायला लागले, त्याला ३१ वर्षं झाली. आधी थिओडोलाइट, मग टोटल स्टेशन आणि आता बरीच वर्षं साइटवरचे लॅपटॉप. आपटून फुटलेले येतात, नाही असं नाही. पण माझ्या टेबलावर जास्त येतात ते तुझ्यासारखे, ज्यांना काहीच झालेलं नसतं. उघडले की बोर्डावर हिरवट-निळी पूड दिसते. ते तांबं खाल्लं गेलेलं असतं, आणि खाणारं असतं मीठ.

पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच लॅपटॉपच्या पोटात होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा किती दमट असते ते तुला सांगायला नको. खाडीवरचा वारा, बोटांना लागलेला चिखल, किबोर्डवर पडून सुकलेला एखादा थेंब, यांतून मिठाचा एक पातळ थर यंत्रात शिरतो आणि मग चार महिने तो सुकतच नाही. साध्या लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा ओढून नेमकी बोर्डावरून फिरवतो. त्या ओल्या मिठातून वीज वाहिली की तांबं झिजायला वेळ लागत नाही. तुझा लॅपटॉप ऑगस्टमध्ये गेला, पण जायला सुरुवात जूनमध्येच झाली असणार.

तिवराचं पान जिभेला लावून तू कधीतरी पाहिलं असशील. खारट लागतं, कारण ते झाड नको असलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. लॅपटॉपचं मीठ मात्र माणसालाच पुसावं लागतं.

आता खोक्यावरच्या त्या छापील ओळीबद्दल. 'लष्करी दर्जा' म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचं मिल-एसटीडी-८१० हे मानक. पहिलं १९६२मध्ये निघालं, सध्या वापरात आहे ती 'एच' आवृत्ती २०१९ची. ही एक चाचणी नव्हे, चाचण्यांचं जाडजूड पुस्तक आहे. उष्णता, थंडी, पाऊस, धूळ, धक्के, कंपन, दमटपणा, खारं धुकं, प्रत्येकाची पद्धत वेगळी. कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी ठरवते. कोणतंही लष्कर लॅपटॉप तपासून प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतः चाचणी करते किंवा प्रयोगशाळेकडून करून घेते. आपटण्याचीच चाचणी घे. चार फुटांवरून कडा, कोपरे आणि बाजू धरून २६ वेळा टाकायचं असतं, पण हे २६ वेळा पाच नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे एकच लॅपटॉप २६ वेळा आपटला होता असं समजून चालू नकोस.

तुझ्या कामाची चाचणी आहे ५०९ क्रमांकाची, खाऱ्या धुक्याची. त्यात ३५ अंश सेल्सिअसला पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं २४ तास सोडतात, मग २४ तास सुकवतात आणि हे सगळं पुन्हा एकदा करतात. तुझ्या सरांना एवढंच विचार, की त्या नव्या लॅपटॉपच्या यादीत ५०९ आहे का? कंपनीकडून यादी लेखी मागवून घ्या. ऑफिसच्या हलक्या लॅपटॉपच्या ज्या याद्या मी पाहिल्यात, त्यांत आपटणं, कंपन, उष्णता-थंडी ठळकपणे असतं. मीठ शोधावं लागतं. आणि असलं, तरी या चाचण्या नव्याकोऱ्या नगावर होतात, हे ध्यानात ठेव. ज्या लॅपटॉपने तीन पावसाळे पाहिलेत त्याच्याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

आयपी ६५चा हिशेब त्यामानाने सरळ आहे. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा कुठल्याही बाजूने मारला तरी आत इजा होत नाही. मुंबईचा आडवातिडवा पाऊस यात बसतो. बुडणं बसत नाही. त्यासाठी दुसरा आकडा ७ लागतो, एक मीटर पाण्यात अर्धा तास. म्हणून ओहोटीच्या चरात पडला तर आयपी ६५च्या भरवशावर राहू नकोस. पट्टा गळ्यात हवाच. आणि ही चाचणी साध्या पाण्याने करतात, सगळी झाकणं घट्ट लावून.

इथेच माझा जीव अडकतो, कारण तू लिहिलंयस, 'केबलने जोडून.'

काही वर्षांपूर्वी शिवडीच्या चिखलपट्ट्यावर मोजणी करणाऱ्या एका टीमचा रग्ड लॅपटॉप माझ्याकडे आला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, यंत्र उत्तम होतं. कोपऱ्यांवर खरचटलेलं, पण आत बोर्ड असा स्वच्छ, की मी मदतनीस मुलाला बोलावून दाखवला. फक्त उजव्या बाजूचं एक यूएसबी पोर्ट काळंहिरवं पडून पार कुजलेलं, आणि तिथूनच बोर्डापर्यंत गंज सरकलेला. विचारलं तर कळलं, रिसीव्हरची केबल त्याच पोर्टात दिवसभर असायची. दर वेळी उघडझाप करायचा कंटाळा, म्हणून मुलांनी झाकणच कापून टाकलं होतं. लाखाच्या वरचं यंत्र रबराच्या बोटभर तुकड्यापायी गेलं. मला फार वाईट वाटलं होतं. त्या मुलांवर रागावता येईना. भरतीच्या आधी चौकोन पुरा करायची घाई काय असते ते मी पाहिलंय.

तर केबल लावलेली असते तेवढा वेळ तुझा आयपी ६५ लागू नसतो. तुमच्या रिसीव्हरला ब्लूटूथ असेल तर आजच तो सुरू करून बघ. बऱ्याच रिसीव्हरना असतो आणि कुणी वापरत नाही. झाकण बंद राहील आणि लॅपटॉपचं आयुष्य वाढेल, हे मी खात्रीने सांगते. ब्लूटूथ नसेल तर दुसरा विचार कर. चौकोनात नोंदी फोनवर किंवा कागदावर घ्यायच्या, लॅपटॉप काठावर कोरड्या जागी ठेवायचा. प्रत्येक झाडापाशी तो हवाच का, हे एकदा टीममध्ये बोलून घ्या. ठाण्याला गर्दीच्या वेळी गाडी बदलताना तीन किलो छातीशी धरून उभं राहायचं, ही काही लहान गोष्ट नाही. तुझ्या खांद्याचाही विचार व्हायला हवा.

एवढं सगळं धरूनही मी जुना रग्डच घे म्हणेन, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय नाही.

सगळ्यात आधी रबर. प्रत्येक पोर्टाचं झाकण उघड आणि आतली पट्टी नखाने दाब. चटकन वर आली तर ठीक. दबलेली तशीच राहिली, कडक लागली, भेग दिसली, तर ते रबर मेलंय. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी झाकणात धरून झाकण लाव आणि कागद ओढ. फ्रिजच्या दाराचं रबर आपण असंच बघतो. सहज निसटला तर पाणीही सहज शिरेल. झाकणं नि रबर सुटी मिळतात का, हे विकणाऱ्याला आधीच विचार, कारण पाच वर्षांत रबरच पहिलं थकतं. तळाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का तेही मोज. एखादा कमी असेल तर कुणीतरी आधी उघडलाय, आणि उघडलेल्याचं सील पुन्हा नीट बसवलंय का हे बाहेरून कळत नाही.

मग अंग. अशा लॅपटॉपचं कवच बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. वजनाला हलकं, मजबूत, पण मिठापुढे फार नाजूक. वरचा रंग शाबूत आहे तोवर चिंता नाही. रंग उडालेल्या जागी पांढरी पूड किंवा बारीक खड्डे दिसले तर धातू खाल्ला जातोय. स्टीलच्या स्क्रूच्या शेजारी हे आणखी लवकर होतं. साधा ओरखडा असेल तर जागा पुसून पूर्ण सुकव आणि बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दे. मी गाळ्यात कित्येक वर्षं हेच करते.

बॅटरीचा अहवाल विंडोजमधूनच निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरून सौदा कर. आणि प्रोसेसर बघायला विसरू नकोस. विंडोज १०साठीचा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. पाच वर्षं वापरलेला म्हणजे पाच वर्षांपूर्वीच बनलेला असं नसतं. या जातीचे लॅपटॉप इतके टिकतात, की अंग धडधाकट आणि आतलं सगळं कालबाह्य अशी कितीतरी यंत्रं आमच्या बाजारात पडून आहेत.

घेतलास, तर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याला दे. झाकणं बंद ठेवूनच गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पूर्ण पूस, फडकं खळबळून पुन्हा एकदा पूस. पहिल्या पुसण्यात मीठ विरघळतं, दुसऱ्यात निघतं. बिजागरीतला चिखल ओला असतानाच मऊ ब्रशने काढ. सुकल्यावर खरवडलास तर रंग जाईल. कोरड्या फडक्याने टिपून घे आणि मगच झाकणं उघडून पंख्याखाली ठेव. रबराला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. लावू नकोस. काही जातींचं रबर तेलाने फुगतं, आणि तेलकट रबराला रेती चिकटते ती वेगळी.

एसी लोकलने जात असशील तर आणखी एक. गार झालेला लॅपटॉप गाडीतून उतरल्या उतरल्या उघडलास तर बाहेरच्या दमट हवेने त्यावर घाम धरतो, चष्म्यावर धरतो तसाच. बॅग बंद ठेवून वीसेक मिनिटं जाऊ दे. चालत खाडीपर्यंत पोचशील तोवर तो हवेला आलेला असेल.

सरांना नवाच घ्यायचा असेल, तर निदान आयपीचा दुसरा आकडा बघून घ्या. 'अर्धा रग्ड' म्हणून जे हलके प्रकार येतात त्यांच्यावर बरेचदा आयपी ५३ असतं. तो ३ म्हणजे वरून आणि तिरका, उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत येणारा शिडकावा. रस्त्यावरच्या कामाला चालेल, खाडीला नाही.

प्रश्न : मी इमारतींच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवण्याचं काम पाहतो. दुपारी लॅपटॉपच्या स्क्रीनवर काहीच दिसत नाही. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला की बॅटरी दोन तासांत संपते. रग्ड घेतल्याने फरक पडेल का? (चेंबूर)

उत्तर : पडेल, तुमच्या कामाला तर नक्कीच. साध्या लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड २५० ते ३०० निट्स असतो. उन्हात वाचायला निदान १००० हवेत. पूर्ण रग्ड प्रकारांत ते मिळतात. पॅनासॉनिकच्या टफबुक ४०ला कंपनी १२०० सांगते. उजेडाइतकंच दुसरंही विचारा, काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले आहेत का. मध्ये हवेची फट असली की तिथे ऊन परावर्तित होतं आणि पावसाळ्यात आतून वाफ धरते.

नवा येईपर्यंत एवढं करा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवली असतील तर उलट करा, उन्हात पांढऱ्यावर काळंच वाचता येतं. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल तर काढून बघा; काही पडदे त्यातून काळेच दिसतात. दुपारी लॅपटॉप बंद गाडीत ठेवत असाल तर ते आजपासून थांबवा. लिथियमची बॅटरी उष्णतेने म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेली असताना अधिक लवकर. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्जच घेत नाहीत, त्यामुळे तापलेल्या गच्चीवर चार्जर लावून 'चार्ज होत नाही' अशी तक्रार घेऊन येणारे माझ्याकडे दर उन्हाळ्यात असतात. सावलीत अर्धा तास ठेवला की चार्ज व्हायला लागतो. बॅटरी बाहेरून बदलता येईल असा प्रकार मिळाला तर त्यालाच पसंती द्या, दुसरी खिशात राहील.

प्रश्न : काल साइटवर पावसाचं पाणी बॅगेत शिरून लॅपटॉप भिजला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. कधी सुरू करू? (विरार)

उत्तर : हे छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इतरांसाठी इथे लिहिते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यात काकांच्या गाळ्याबाहेर भिजलेल्या यंत्रांची रांग लागली होती. काका प्रत्येकाला आधी एकच विचारायचे, 'बटण दाबून बघितलंत का?' ज्यांनी नाही म्हटलं त्यांची बरीचशी यंत्रं आम्ही उघडून, स्वच्छ पाण्याने आणि मग स्पिरिटने धुऊन, सुकवून परत दिली. ज्यांनी 'फक्त एकदाच बघितलं' म्हटलं त्यांची फार थोडी वाचली. ओल्या बोर्डात वीज गेली की नुकसान तिथल्या तिथे होतं.

तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड पोर्टात जाते. डब्यातून काढा. बॅटरी सुटी होत असेल तर ताबडतोब वेगळी करा. हेअर ड्रायर लावू नका, उन्हात ठेवू नका, हलवून पाणी झटकू नका. उघडून अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखा पालथा उभा करा आणि त्याच अवस्थेत दुरुस्तीवाल्याकडे न्या. पाणी गटाराचं किंवा खाडीचं असेल तर ते आधीच सांगा, म्हणजे तो सुकवण्याआधी धुवेल. चार्जर घरीच राहू द्या.